पाच-नऊ

डबा गरम लागला.

सकाळची बैठक नुकतीच संपली होती. नाशिक, सांगली, संगमनेर, भिवपुरी, जिकडचे तिकडचे सगळे हौशी रेडिओवाले एकमेकांना शुभ दिवस चिंतून आपापले रेडिओ बंद करून गेले होते, आणि चौक गावात जुन्या हायवेला लागून असलेल्या घराच्या वरच्या खोलीत झाकीर एकटाच खुशीत बसला होता. इतका खुशीत, की बायको, हलिमा, कधीची सांगत होती ती टेबलामागची धूळ पुसायला तो आपणहून फडकं घेऊन वाकला. तोल सांभाळायला टेकवलेला हात डब्याच्या झाकणावर पडला आणि झाकण गरम लागलं. चटका बसण्याइतकं नाही, नुकत्याच रिकाम्या केलेल्या चहाच्या पातेल्याइतकं. त्याने हात तिथेच ठेवला. दूध पावडरचा जुना डबा, आत त्याने स्वतः सोल्डर केलेले रेझिस्टर. रेडिओला अँटेनाच्या जागी हा डबा जोडला की रेडिओची समजूत होते आपण हवेत बोलतोय. सगळे आकडे व्यवस्थित दिसतात, दिवे लागतात, तक्रार कसलीच नसते, आणि बोलणाऱ्याचा आवाज मात्र डब्यात जाऊन उष्णता होऊन मरतो. पलीकडच्या गल्लीतसुद्धा पोचत नाही. नवा रेडिओ आला की आधी डब्यावर लावून तपासायचा, उगाच हवेत खाकरून चार लोकांना त्रास द्यायचा नाही, ही या छंदातली रीत. पहाटे उठून त्याने नवा रेडिओ असाच डब्यावर लावला होता. बैठकीत त्याच्यावरून बोलायच्या आधी केबल बदलायची होती. तो अजून वाकलेलाच होता. अँटेनाची काळी केबल कुठे जाते ते त्याने बोटाने चाचपत पाहिलं. ती जुन्या रेडिओत होती. म्हणजे ती तिथून हललीच नव्हती. म्हणजे मघाशी ‘आता मी दुसऱ्या रेडिओवरून बोलतो, दोन्हींत फरक काय तो सांगा’ असं म्हणून तो जे काही घसा ताणून बोलला होता, ते या डब्याशी बोलला होता. आणि त्या बोलण्याला सगळ्यांनी पाच-नऊ दिले होते.

पाच म्हणजे शब्द न् शब्द कळतो आहे, नऊ म्हणजे आवाज दणदणीत पोचतो आहे. याहून वरचे गुण नाहीत. शाळेत कुणाला कधी मिळाले नसतील असे पैकीच्या पैकी गुण हे रेडिओवाले एकमेकांना रोज सकाळी वाटत असतात. समोरच्याचं नाव तीनदा विचारतात, गाव चुकीचं ऐकतात, आणि शेवटी म्हणतात, पाच-नऊ, फार सुंदर. झाकीरला हे कधी जमलं नाही. तीनचा आवाज असेल तर तो तीन सांगायचा. लोक तोंडावर थँक्यू म्हणायचे आणि मागे खवचट म्हणायचे; पण नवा रेडिओ घ्यायचा झाला, अँटेना बदलली, माइक बदलला, की हेच लोक गुपचूप त्यालाच हाक मारायचे, भाई, तुम्ही खरं सांगा. त्याचा त्याला अभिमान होता. आज रोहिदास पहिला बोलला, कारण बैठक तो चालवतो. “झाकीरभाय, पाच-नऊ. दुसराच ठेव. पयल्यासारका आवाज येतो रं.” मग नाशिकच्या हर्षलाबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या, त्या म्हणाल्या पहिला चांगलाच आहे, पण दुसऱ्यावर आवाजाला एक गोलाई आहे. गोलाई! डब्यात जळून गेलेल्या आवाजाला गोलाई! सांगलीच्या वकिलाला दुसऱ्या रेडिओवरचे खालचे सूर जास्त भरीव वाटले. झाकीरने ते सगळं जुन्या रेडिओच्या स्पीकरवर, डोळे मिटून, पोरासारखं ऐकलं होतं. मघाची ती खुशी आठवली आणि त्याला स्वतःची शरम वाटली. फडकं त्याच्या हातातच राहिलं.

नवा रेडिओ उगाच हौसेखातर आला नव्हता. दोन वर्षांपूर्वी घशाचं दुखणं निघालं, कॅन्सरचं, शेक झाले, बरं वाटलं, आणि आता ते परत आलं होतं. मुंबईच्या डॉक्टरबाई स्पष्ट बोलणाऱ्या. स्वरयंत्र पूर्ण काढायचं, मानेला श्वासासाठी भोक राहील, आवाज जाईल, तुम्ही राहाल. थांबलात तर नंतर काढूनही उपयोग व्हायचा नाही. झाकीरने तेव्हा सांगितलं होतं, बाई, माझा आवाज बसलाय, गेलेला नाही. मी रोज सकाळी रेडिओवर बोलतो, महाराष्ट्रभर लोकांना कळतं. बाईंनी विचारलं होतं, नक्की कळतं? तो म्हणाला होता, पाच-नऊ कळतं. शेजारी बसलेली हलिमा टेबलावरच्या पेनस्टँडकडे पाहत होती. बाईंनी महिन्याची मुदत दिली आणि ती आता संपत आली होती. त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं: दोन्ही रेडिओ समोरासमोर लावायचे, आणि त्यातल्या एकावरून जरी लोकांना आपलं बोलणं धड कळलं, तर ज्याच्यावर कळतंय तो ठेवायचा, गळाही ठेवायचा, आणि बाईंना नाही म्हणून कळवायचं. रेडिओची परीक्षा घ्यायला त्याच्याइतका लायक माणूस पंचक्रोशीत नव्हता. तीस वर्षं दुसऱ्यांच्या रेडिओंची घेतली होती. आता आपल्या गळ्याची घ्यायची, एवढाच फरक.

आणि परीक्षा त्याने नीट घेतली होती, हे त्याचं त्यालाच कबूल करावं लागेल. जुना रेडिओ दुकान जोरात चालायचं तेव्हाचा. चौकच्या नाक्यावर टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आता तिथे मोबाइलची कव्हरं लटकतात. त्या काळी असा रेडिओ घेणं म्हणजे घरात हत्ती बांधणं होतं, आणि तो होताही हत्तीच. जिन्यावरून वर आणायला दोघं लागले, त्यातला दुसरा रोहिदास. त्याच्या तोंडावर बटणंच बटणं. नवखा माणूस बघून घाबरतो, पण एका कामाला एक बटण, आणि ते जिथं काल होतं तिथंच आज. लाइट गेली, बॅटरीवर रेडिओ लावला, तरी अंधारात बोट बरोबर जागेवर पडतं. मोठं चाक तर असं, की फिरवून सोडलं तरी आपल्याच वजनाने जरा पुढे जातं. नवा तल्हाने दोह्याहून पाठवलेला. पोराने नेटवर वाचून वाचून सगळ्यात वरचा निवडला. त्याला बटणं मोजकी आणि तोंडभर काच. काचेवर निळ्या पाण्यासारखा पडदा सरकत असतो आणि त्यात जिथे कुणी बोलत असेल तिथे पिवळी रेघ उमटते; कानाला ऐकू यायच्या आधी डोळ्याला माणूस दिसतो. रेघेवर बोट ठेवलं की त्या माणसापाशी हजर. एरवी अर्धी सकाळ चाक फिरवत, कान देऊन, बारीक आवाज हुडकण्यात जायची. ती मजा गेली, पण काम झालं. गेले काही दिवस अँटेना लावून पाहिलं होतं, ऐकण्यात नवा सरस होता, वादच नाही. शेजारी एखादा दांडगा ओरडायला लागला की जुना भांबावतो, त्याच्या मागचा बारीक आवाज दबून जातो. नवा ढिम्म हलत नाही. खालच्या गॅरेजमधल्या वेल्डिंगची खरखर जुना कापतो तेव्हा माणूस विहिरीच्या तळातून बोलल्यासारखा येतो, नवा कापतो तेव्हा माणूस नुसता जवळ येतो. पण वापरायला! साधा माइकचा जोर कमी करायचा तर मेनूच्या पोटात मेनू, त्याच्या पोटात आणखी एक, आणि बाहेर यायला वाट नाही. बनवणाऱ्याने हा रेडिओ स्वतः एकदा तरी घाईत वापरला असेल का, असं झाकीरच्या मनात रोज यायचं आणि रोज तो त्या अनोळखी जपानी माणसाला मनातून चार शब्द सुनवायचा. ऐकायला नवा, चालवायला जुना. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर त्याने असा निकाल देऊन वर चहा पाजला असता. पण त्याला ऐकायचं नव्हतं आणि चालवायचंही नव्हतं. त्याला बोलायचं होतं. नव्यात आवाजाची चिरफाड करायची सोय होती. कुठले सूर उचलायचे, कुठले दाबायचे, कुठे ताण द्यायचा, सगळं काचेवर. पहाटेपासून तो त्या उरल्यासुरल्या खरखरीला उचलत, दाबत, ओढत बसला होता. आता हात डब्यावर ठेवून उकिडवा बसल्यावर त्याला साधी गोष्ट सुचली, की महागातला महाग रेडिओसुद्धा आहे तोच आवाज उचलतो. नसलेला तो कुठून आणणार.

आणि आवाज होता. एके काळी होता, हे तरी कुणी नाकारू नये. मोहोपाड्याच्या मामूकडे असताना लहानपणीच त्याला अजान द्यायला उभं केलं होतं, आणि शेतातून परतणारी माणसं थांबून ऐकायची, हे मामू मरेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिला. त्या मोठ्या पुरात फोन मेले, रस्ते गेले, तेव्हा ट्रकची बॅटरी लावून याच खोलीतून झाकीर बोलत राहिला. भिवपुरीहून वीजकेंद्राच्या वसाहतीतून रोहिदास निरोप द्यायचा, झाकीर पुढे पुण्याला सांगायचा. शेलूच्या शाळेतली माणसं सुखरूप आहेत, शुगरच्या गोळ्या हव्यात, एक बाई बाळंत झाली, मुलगी आहे. पलीकडचा माणूस एकदासुद्धा म्हणाला नव्हता, पुन्हा सांगा. नंतर किती दिवस कर्जतच्या बाजारात कांद्याचा भाव विचारला की शेजारचं गिऱ्हाईक वळून बघायचं: “तुमीच ना ते रेडिओवाले? आवाजावरनं वळखला.” तोंड बघून नाही, आवाजावरून! आता कांदेवाल्यासमोर तो बोट दाखवतो. कांदेवाला पण शहाणा, विचारत नाही, तोलतो. या आठवणीत गोडवा असायला हवा होता, नव्हता. होती ती नुसती जळजळ, जिवंतपणीच कुणी आपली जागा घेऊन बसल्यासारखी. आणि मूर्खपणा सगळ्यात जास्त आपला. कारण हेडफोनमध्ये तो स्वतःला ऐकायचा. दोन्ही रेडिओंना ती सोय आहे, बोलताना आपलाच आवाज आपल्याला कानात ऐकू येतो, आणि रोज त्याने तो ऐकला होता, जरा घोगरा, जरा फाटका, पण प्रत्येक शब्द स्वच्छ. नव्यावर तर आवाज साठवून पुन्हा पुन्हा वाजवला होता. सगळं कळत होतं! कसं कळणार नाही? बोलणाराही तोच आणि ऐकणाराही तोच. काय म्हणायचंय ते ज्याला आधीच ठाऊक आहे त्याला भिंतीवरच्या पालीची चुकचुकसुद्धा समजेल. तीस वर्षं लोकांच्या माइकच्या खोडी काढणाऱ्या माणसाला हे कळू नये, याचा त्याला इतका राग आला की मघापासून हातात धरलेलं फडकं त्याने भिंतीवर फेकलं. ते लागलंही नाही, मध्येच खुर्चीवर पडलं.

खाली मोटरसायकल थांबली. रोहिदास येणार होता, नवा रेडिओ बघायला. बैठकीतच म्हणाला होता, शेंगा घेऊन येतो. झाकीरच्या मनात आलं, पटकन केबल बदलून टाकावी, काही झालंच नाही, पाच-नऊ तर पाच-नऊ. हात उचललाही त्याने. मग ठेवला. खालून हलिमाचा आवाज आला, “या भावजी, वरच हायत,” आणि रोहिदासचा, “भाबी, वालाच्या शेंगा हायत घरच्या, आजच भाजा.” मग जिना वाजला. रोहिदास आत आला तो थेट काचेकडेच गेला. वीजकेंद्रात जन्म काढलेला माणूस, आता सोमजाईच्या माळाखाली वडिलांची जमीन कसतो. बोटं अजून यंत्राला हात लावायला शिवशिवतात.

“च्यायला, टीव्हीच हाय की रं ह्यो! आन् ह्ये पिवळं काय? मानूस? बोट ठेवू?” त्याने बोट ठेवलं. काहीच ऐकू आलं नाही, कारण पडदा कोरा होता. पिवळं दिसत होतं ती नुसती खूण. “मुका हाय काय?” रोहिदास हसला आणि मग आपल्याच शब्दाने चपापला. “पन आवाज काय देतो सांगू, झाकीर. मगाशी ऐकला ना, मला तर पुराच्या टायमाला तू बोलायचास ते याद आलं. जुना देऊन टाक मला. मी कायम जुन्यावाला.”

झाकीरने टॉर्च उचलला आणि त्याला टेबलामागे ये म्हणून खूण केली. रोहिदास गुडघ्यावर हात ठेवून वाकला. झाकीरने नुसता उजेड धरला. या माणसाने आयुष्यभर केबलींचाच माग काढला होता. त्याला सांगायची गरज नव्हती. त्याचं बोट नव्या रेडिओच्या पाठीपासून निघालं, केबलीवरून सरकत खाली आलं आणि डब्यापाशी थांबलं. मग परत वर गेलं, अँटेनाच्या केबलीवरून, जुन्या रेडिओपर्यंत. तो बराच वेळ वाकलेलाच राहिला, बहुतेक सरळ झाल्यावर तोंड दाखवावं लागेल म्हणून.

“ह्यो डब्यावर हाय,” तो शेवटी म्हणाला.

झाकीरने मान हलवली.

“मगाशी पन डब्यावरच?”

झाकीरने पुन्हा मान हलवली. रोहिदास सरळ झाला आणि खुर्चीत फडक्यावरच बसला. त्याचा चेहरा चोरी पकडलेल्या माणसासारखा झाला नव्हता, थकलेल्या माणसासारखा झाला होता, आणि त्याचा झाकीरला जास्त राग आला.

“शिव्या दे मला,” रोहिदास म्हणाला. “तू म्हनलास दुसऱ्यावरनं बोलतो, आन् मंग कायच नाय. शांत. म्हटलं माझ्याच रेडिओची बोंब. पंखा बंद केला, आवाज वाढवला, कायच नाय. आन् सगळे गप. आता पयला कोन बोलनार? मीच. मी काय बोलू रं? झाकीर, तू कायच नाय आलास, आसं बोलू सगळ्यांदेखत? म्हटलं पाच-नऊ. मी बोललो म्हटल्यावर बाकीच्यांनी पन दिलं.”

झाकीरने विचारलं, “आणि त्याच्या आधी? जुन्या रेडिओवरचं कळलं?”

रोहिदास त्याच्या ओठांकडे पाहत राहिला. झाकीरने पुन्हा विचारलं. मग जुन्या रेडिओवर थाप मारून दाखवली.

“जुन्यावरचं इचारतोस? खरं सांगू? खरखर येते. तू हायस एवढं कळतं, काय बोलतोस त्ये नाय कळत. आज नाय, लय दिवस झाले. दिवाळीच्या पन आदी. तू बोललास की हर्षलाबाई मला फोन लावतात, झाकीरभाई काय म्हणाले हो? मी काय सांगनार? म्हनतो, बरा हाय, सगळ्यांची चौकशी करतोय. मंग त्या उद्याच्याला तुला म्हनतात, आठवणीनं विचारलंत, बरं वाटलं. आमी सगळे आसंच करतो. तू रोज येतोस, बरा वाटतो, म्हटलं काय करायचाय कळून. घरात भाबीला कळतं, तेवढं पुरं हाय.”

दिवाळीच्या आधीपासून. झाकीर मागे मागे जात राहिला. दिवाळीनंतर त्याने बैठकीत जुन्या आणि नव्या रेडिओंच्या रिसीव्हरवर चांगलं लांबलचक सांगितलं होतं, तीन सकाळी, मुद्दे काढून. वकील म्हणाला होता फार माहितीपूर्ण. तल्हाला मुलगी झाली तेव्हा त्याने सगळ्यात आधी बैठकीत सांगितलं होतं. त्यावर सगळे काय म्हणाले होते? अभिनंदन म्हणाले होते का? त्याला आठवेना. वा, छान, असं म्हणाले असतील. वा, छान हे कशालाही चालतं. आणि त्याच दिवसांत तो डॉक्टरबाईंसमोर छाती काढून बसला होता, याच्या पाच-नऊच्या जोरावर, या भल्या माणसांच्या भलेपणाच्या जोरावर. कुणी एकाने खरा तीन दिला असता, दोन दिला असता, एक, तर एवढ्यात सगळं उरकून तो घरी परतलाही असता. आता ते किती खाली उतरलं असेल देव जाणे. याला सांगायलाच हवं होतं. तो रोहिदाससमोर स्टूल ओढून बसला, एकेक शब्द वेगळा करत, जसा पुरात निरोप सांगायचा तसा बोलला: “डॉक्टर माझा गळा काढायचा म्हणतात. महिना झाला. तुम्हाला कळतंय म्हणून मी नाही म्हणत राहिलो. आता उशीर झाला असेल तर तो तुमच्या पाच-नऊमुळे.” त्याच्या कानात ते स्वच्छ उमटलं. इतकं स्वच्छ तो कित्येक दिवसांत बोलला नव्हता.

रोहिदासने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “हां, हां. बरोबर हाय तुझं,” तो म्हणाला. “नवाच ठेव. बटनांची सवय व्हईल हळूहळू.”

झाकीर हसला. काय करणार दुसरं? तो हसला म्हणून रोहिदासही हसला, मोकळा झाल्यासारखा, आणि सुटलो एकदाचे अशा घाईने उठला. भाताचा पेंढा भरायला टेंपो यायचाय म्हणाला. उद्या केबल नीट लाव म्हणाला, उद्या मी खरा रिपोर्ट देतो, तुझी आन. जिन्यातून तो हलिमाशी दोन शब्द बोलला आणि मोटरसायकल कर्जतच्या रस्त्याला लागली. झाकीरने खिडकीतून त्याला जाताना पाहिलं. त्याच्यावर धड चिडताही येत नव्हतं. आयुष्यभरात एवढा माणूस जोडला आणि त्याने एक खरा आकडा दिला नाही. समोर इर्शाळगडाच्या सुळक्यावर ऊन आलं होतं, खाली गॅरेजमध्ये कुणीतरी बंद पडलेल्या गाडीचा स्टार्टर पुन्हा पुन्हा मारत होता. याचाही राग आला त्याला. चालू होत नाही तर सोडा ना.

हलिमा वर आली. “भावजी लगेच गेले? मी भाकरी टाकनार होते.” ती खुर्चीवरचं फडकं उचलून घडी घालू लागली. तिच्या पाठीमागून तो म्हणाला, “मी ऑपरेशन करून घेतो. डॉक्टरबाईंना फोन लाव.” हे वाक्य म्हणायला त्याला छातीतून जोर काढावा लागला, गेला महिनाभर ती याच वाक्याची वाट पाहत होती, जेवताना, औषध देताना, काही न विचारता. ती हातातली घडी सोडून रडेल, असं त्याला वाटलं. निदान बसेल तरी. ती म्हणाली, “बरं, आनते,” आणि खाली गेली. गॅसच्या लायटरचा आवाज आला, भांड्याचा आला. फोन खाली चार्जिंगला असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. मग ती वर आली, आणि तिच्या हातात चहाचा कप होता.

त्याने कप घेतला नाही. तिचं मनगट धरलं. चहा बशीत सांडला. “थंड हाय का? अवो, आताच केला,” ती म्हणाली, आणि मग तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याने आपल्या ओठांवर बोट ठेवलं, मग तिच्या कानापाशी नेलं, आणि पंजा उघडून हवेत हलवला: काय? काय म्हणालो मी? हा प्रश्न न कळण्यासारखा नव्हता. तिने कप टेबलावर ठेवला, जुन्या आणि नव्याच्या मधल्या फटीत. पदराने बोटं पुसली, पुसून झाल्यावर पुन्हा पुसली.

“नाय कळलं,” ती म्हणाली.

त्याने हवेतला पंजा खाली घेतला.

“लय दिवस नाय कळत. अंदाजानं करते. चहाची येळ झाली की चहा, गोळीची येळ झाली की गोळी.” तिचा आवाज चढला, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ती त्याच्यावर चिडून बोलली. “तुमी त्या बाईंना सांगितलात, रेडियोवर सगळ्यांना कळतं. मी म्हटलं माझेच कान गेले. मी कुनाला सांगू? तुमचा मानूस बोलतो त्ये तुमालाच कळत नाय, आसं सांगू?” आणि मग ती रडली, पण त्याच्या ऑपरेशनसाठी नाही, ते वाक्य तर तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

झाकीरला वाटलं होतं की हिनेही तेच म्हटल्यावर आता पायाखालची जमीन जाईल. गेली नाही. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण सकाळपासून कानावर जे जे पडलं होतं त्यात ‘नाय कळलं’ हे एकच वाक्य हात टेकवण्यासारखं होतं. तो खाली गेला. तिचा फोन चार्जिंगवरून काढला, नावांच्या यादीतून डॉक्टरबाईंचं नाव शोधलं, वर येऊन तिच्या ओल्या हातात दिला. तिने नाव वाचलं आणि त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली: लाव. तिने लावला. पलीकडे बरीच रिंग वाजली, मग बाईंचाच आवाज आला, हॅलो, कोण बोलतंय? हलिमाने नाव सांगितलं, झाकीरचं नाव सांगितलं, आणि मग फोनवर हात दाबून त्याला हळूच विचारलं, “काय सांगू?”

त्याने तोंड उघडलं नाही. तळहात आडवा करून आपल्या गळ्यावरून एकदा फिरवला, या कानापासून त्या कानापर्यंत.

हलिमाला ते लगेच कळलं. तिने फोनवरचा हात काढला.

“काढून टाका म्हनतात,” ती म्हणाली.